तळ्याकाठची मालिका : प्रकल्प नोंदी

४ मार्च

आखणी लिहून काढते. जागा एकच : चालत जाता येईल असं एक लहान तळं, काठचा पाणकणसाचा पट्टा, पाण्यावर वाकलेलं एक झाड आणि पलीकडचे खडक. वर्षभर फक्त इथेच फोटो काढायचे आणि शेवटी बारा फोटोंची मालिका लावायची. सामान कमी ठेवायचं : ५० मिमी लेन्स, मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, ट्रायपॉड, दोन फिल्टर. पक्ष्यांसाठीची लांब लेन्स या कामात नको. तिच्यामागे नजर दूर धावते आणि मला ती जवळ थांबवायची आहे.

प्रश्नही लिहून ठेवते. कॅमेरा लावून एका जागी बसलं की मन जसं निवळतं, तसं ते डोळे मिटून बसल्यावरही क्वचितच निवळतं. हे निवळणं फोटोत उतरतं का? की ते माझ्यापाशीच राहतं आणि पाहणाऱ्याच्या हाती नुसतं एक सुंदर पान येतं? याचं उत्तर फोटोंकडूनच हवं आहे.

पाळायचं : काही तोडायचं नाही, सरकवायचं नाही, पाणी शिंपडून दव तयार करायचं नाही. घरटं दिसलं तर आपण जागा बदलायची.

११ मार्च

आधीच्यांनी काय केलं ते पाहते आहे. सुरुवात अमेरिकन फोटोग्राफर अल्फ्रेड स्टिग्लिट्झपासून. त्याच्या फोटोंची ताकद समोर बसणाऱ्या माणसांवरच्या त्याच्या प्रभावातून येते, असं बोललं गेलं. ते त्याला लागलं असावं. १९२२ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज इथे ढगांचे फोटो काढायला घेतले, कारण ढग सगळ्यांना सारखेच मिळतात आणि त्यांना दाम लागत नाही. पुढे दहाएक वर्षं तो ते काढत राहिला. तळहाताएवढे प्रिंट. बऱ्याच फोटोंत क्षितिज नाही, जमीन नाही, त्यामुळे वरची बाजू कोणती हेही ठरवता येत नाही. हे ढग म्हणजे आपल्या अंतरंगातल्या अनुभवांचे समतुल्य आहेत, असं तो मानत असे. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे की कुठल्या ढगात कुठला अनुभव, हे तो सहसा सांगत बसला नाही. बहुतेक फोटोंना ‘इक्विव्हॅलंट’ एवढंच नाव त्याला पुरलं.

हीच वाट पुढे मायनर व्हाइट या अमेरिकन फोटोग्राफरने चालवली (१९०८–१९७६). वनस्पतिशास्त्र शिकलेला, कविता करणारा, १९५२ मध्ये ‘अ‍ॅपर्चर’ नियतकालिक सुरू करणाऱ्यांपैकी एक. कॅथलिक श्रद्धा, झेन, गुर्जिएफ या गूढवादी गुरूची शिकवण या सगळ्यातून तो गेला. त्याचं सांगणं असं की आधी विषयासमोर स्थिर व्हा, त्याने तुमची दखल घेईपर्यंत थांबा, कॅमेऱ्याचं नंतर बघू. वाचताना हे गूढ वाटतं, पण करून पाहिलं की अगदी व्यवहारातलं आहे. काठावर बसल्यावर सुरुवातीला डोळा ओळखीचंच हुडकतो : प्रतिबिंब, तिरकी रेष, एकटं पान. हा साठा संपला की मग समोरची जागा दिसायला लागते. म्हणजे थांबायचं ते आपल्याकडचा साठा संपेपर्यंत.

१९ मार्च

पहाटे, अंधार असतानाच पोचले. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, पूर्ण सरावायला त्याहून जास्त. मोबाइल एकदा जरी उजळला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. त्यामुळे पाणकणसं, खडक, झाड, सगळं करडं, आणि तरीही आश्चर्य वाटावं इतकं स्पष्ट.

तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर स्क्रीनवर पाणी गर्द निळं आलं. सुंदर आहे. पण ते मी पाहिलेलं नव्हतं, कॅमेऱ्याने पाहिलं होतं. पहाटेच्या फ्रेम कृष्णधवल ठेवायच्या असं आजच ठरवते. बाकीच्यांचं बाकीच्या वेळी.

२ एप्रिल

वारा. मॅक्रोला आज जागाच नव्हती. पाणकणसाची मागच्या मोसमातली कणसं फुटून उडत होती. एका कणसात लाखाच्या घरात बिया असू शकतात. उन्हाकडे तोंड करून बसले आणि परत आले.

२३ एप्रिल

दव. पाणकणसाच्या पात्याच्या टोकाला एक थेंब होता, जवळजवळ पूर्ण गोल. त्याच्या आत मागचं झाड उलटं दिसत होतं, फांद्या खाली आणि पाणी वर. असे फोटो पुष्कळ निघतात आणि मला ते काढायचा मोह नव्हता, पण फोकस करताना एक गोष्ट नीट पाहिली. थेंबाच्या कडेवर फोकस ठेवला की आतलं झाड पुसट होतं. झाड धारदार केलं की थेंबाची कड विरते. कारण आतलं चित्र खरं म्हणजे आत नसतंच. थेंब भिंगाचं काम करतो आणि चित्र उमटतं ते थेंबाच्या किंचित अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला, हवेत.

अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) बारीक करून दोन्ही बसवता येतात. एफ/२२ ला, म्हणजे भोक अगदी बारीक असताना, बसलीही, पण प्रकाशाच्या विवर्तनाने सगळ्याच रेषा मऊ पडल्या. दोन वेगळे फोकस घेऊन संगणकावर जोडताही येतात. मला त्यापेक्षा निवड करायला आवडेल. थेंब पाहायचा की झाड? एका वेळी एकच. मी थेंबाची कड घेतली. जिथे पाणी संपतं आणि हवा सुरू होते तो भाग, पात्याला धरून ठेवलेला. झाड आत नुसतं हिरवट सावट म्हणून राहिलं. हा फोटो मालिकेत येईल असं वाटतं. पहिला.

३० मे

आजची नोंद लांब होणार.

पहाटे पाणकणसाच्या एका देठावर, पाण्यापासून वीतभर उंच, चतुराची अळी चढून बसलेली दिसली. या अळ्या पाण्याखाली शिकार करून जगतात, महिनोन्महिने, काही जातींत कित्येक वर्षं. शेवटची कात टाकायची वेळ आली की देठ धरून हवेत येतात. ट्रायपॉड लावला, मॅक्रो, एफ/११, आणि शटरला हात न लावता बसले.

पाठीवर चीर पडली. आधी छातीचा फुगवटा वर आला, मग डोकं आणि मोठे डोळे, मग एकेक पाय. अर्धं अंग बाहेर आल्यावर तो मागे कलंडून उलटा लोंबत राहिला, पाय टणक होईपर्यंत. या अवस्थेत बराच वेळ काहीही घडत नाही. मला वाटलं, दमला, आता संपलं. मग एका झटक्यात तो वर वळला, स्वतःच्याच कातीला धरलं आणि उरलेलं लांब पोट ओढून काढलं. पंख तेव्हा चुरगळलेले, दुधी, ओले. अंगातलं द्रव त्यांच्या शिरांत ढकललं जातं तसे ते उलगडतात. उलगडताना हालचाल दिसत नाही, मात्र दर वेळी पाहावं तर ते वाढलेले असतात. ऊन पोचल्यावर काही वेळाने तो थरथरला आणि गेला. फोटो काढले, पण थोडेच.

कात देठालाच राहिली. जवळ जाऊन पाहिलं तर पाठीवरच्या चिरेतून पांढरे बारीक धागे बाहेर लोंबत होते. कीटकाच्या अंगात हवा नळ्यांच्या जाळ्यातून खेळते. त्या नळ्यांना आतून जो पातळ थर असतो, तोही कातीबरोबर बाहेर येतो. हे धागे म्हणजे तो थर. अंगरखा काढताना बाह्यांचं अस्तर उलटं बाहेर यावं तसं.

आता मुद्द्याचं. कात पाहिली की आपल्या मनात उपमा तयारच असते : जीर्ण वस्त्र टाकून देही नवं वस्त्र घेतो. माझ्याही मनात ती आलीच. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, मी ती लहानपणापासून ऐकत आले आणि तिने मला कठीण काळात आधारही दिला आहे. पण फोटोखाली ती ओळ लिहिली तर पाहणारा मान डोलावून पुढे जाईल, आणि मीही पुढे गेले असते. मला थांबवलं ते त्या धाग्यांनी. वस्त्र अंगाच्या बाहेर असतं, ते उतरवायला आतून काही उपसावं लागत नाही. या जिवाला मात्र ज्या वाटांनी प्राणवायू अंगभर पोचत होता त्या वाटांचं अस्तरसुद्धा काढून मागे ठेवावं लागलं. श्वासाच्या जागा सोलून निघाल्या, तेव्हा पंख आले. आपण बदललो, सुटलो, मोठे झालो असं मी स्वतःबद्दल किती सहज म्हणते, हे तिथे चिखलात गुडघे टेकलेल्या अवस्थेत मनात आलं आणि दिवसभर सुटलं नाही.

मालिकेसाठी उडालेल्या चतुराचा फोटो घेणार नाही. कात घेईन, धाग्यांवर फोकस ठेवून.

३ जून

ठरवलं : फोटोखाली काही लिहायचं नाही. ‘मुक्ती’, ‘प्रवास’, ‘शोध’ असल्या शब्दांनी फोटोचं दार आतून लागतं. बाहेरच्याला मग हलवूनही उघडत नाही.

१२ जुलै

सलग पाऊस. पाणी खडकांपर्यंत चढलं आहे. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावून पाहिला. तो प्रकाश साधारण हजारपटीने कमी करतो, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग लागणाऱ्या फ्रेमला जवळजवळ अर्धं मिनिट. पावसाने खडबडलेलं पाणी धुक्यासारखं सपाट झालं.

या पद्धतीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दुधाळ पाणी दिसलं की लोक ‘ध्यान’, ‘शांती’ म्हणतात. त्या अर्ध्या मिनिटात पाण्यावर शेकडो थेंब आदळले होते, बेडूक ओरडत होते, वारा होता. ही शांतता तिथे नव्हती, मी ती गोंगाट पुसून मिळवली. मला ज्या शांततेत रस आहे ती गोंगाटासकट असते.

जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोची गोष्ट वेगळी. १९८० पासून तो जगभरचे समुद्र टिपत आला, क्षितिज नेमकं मधोमध, अर्धं पाणी, अर्धं आकाश, आणखी काही नाही. आदिमानवाने जे पाहिलं तेच आजचा माणूस पाहू शकेल का, हा त्याचा प्रश्न. तिथे साधेपणा प्रश्नातून आलेला आहे, फिल्टरमधून नाही. हा फरक फोटोसमोर उभं राहिलं की जाणवतो.

मी फिल्टर काढला आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागाने पाऊस टिपला. प्रत्येक थेंबाभोवती मुकुट, मुकुटाच्या कडेने आणखी थेंब. पानभर खळबळ, पण पाहत राहिलं की वरपासून खालपर्यंत एकसारखी. हाच ठेवते.

९ ऑगस्ट

पाणी ओसरलं. कात गेली, देठही मोडलेला. साहजिक आहे. नवीन काही काढलं नाही.

६ सप्टेंबर

खडकांवरची दगडफुलं. एका बुरशीचा आणि शेवाळाचा, किंवा प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचा, जोडसंसार. खडकाला घट्ट चिकटणाऱ्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी वाढतात. समोरचा राखाडी-पिवळा डाग माझ्या पंजापेक्षा रुंद आहे. म्हणजे हा माझ्या आजीच्याही आधीचा असेल.

फोटो काढायला सोपा : दगड हलत नाही, ढगाळ उजेड एकसारखा. फोटो पाहण्यासारखा होणं अवघड. सरळ समोरून काढला तर नकाशा दिसतो, बाजूने काढला तर भिंत. दुपारभर कॅमेरा न लावता बोटांच्या अंतरावरून कड पाहिली. वाढ कडेलाच होते. तिथे एक फिकट रेघ आहे, केसाएवढी, आणि तिच्यापुढे उघडा दगड. ती रेघ मधोमध घेतली. डावीकडे वाढलेलं, उजवीकडे अजून न गाठलेलं. या कामात मला जितका आनंद त्या रेघेने दिला तितका सूर्योदयांनी दिला नाही.

१४ ऑक्टोबर

झाडाची पानं पिवळी पडली आहेत. हा पिवळा रंग नव्याने येत नाही, पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्य मोडतं, झाड त्यातलं उपयोगी द्रव्य परत आत ओढून घेतं आणि मग झाकलेला रंग दिसतो. देठाच्या बुडाशी विभाजनाचा एक थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. वारा निमित्तमात्र.

पाण्यावर पडलेली पानं टिपायला पोलरायझर काढला. पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन साधला आणि फिल्टर फिरवला की वरची चकाकी जाते आणि तळ उघडा पडतो : कुजलेली पानं, गोगलगाईचे शंख, मागच्या वर्षीचा गाळ. अर्ध्यावर थांबवला तर दोन्ही दिसतं, आकाशही आणि गाळही, एकाच चौकटीत. पानाचा एक भाग आकाशावर तरंगतो, दुसरा गाळावर टेकलेला वाटतो. फिल्टर मुद्दाम अर्ध्यावर ठेवला. इथे मला काही जोडावं लागलं नाही, पाण्यानेच दोन थर एकत्र ठेवले होते.

९ नोव्हेंबर

निवड सुरू. त्याआधी थॉमस मर्टनचे फोटो पुन्हा पाहिले. अमेरिकेत केंटकीतल्या गेथसेमनी मठातला हा ट्रॅपिस्ट (मौन आणि एकांत पाळणाऱ्या कॅथलिक पंथाचा) भिक्षू. १९६८ मध्ये गेला, त्याआधीच्या काही वर्षांत त्याने एका मित्राकडून उसना मिळालेला कॅमेरा वापरला. साधू म्हटल्यावर वाटेल की प्रकाशझोत, क्षितिजं असतील. तसलं काही नाही. उपटलेली मुळं, झिजलेलं लाकूड, रिकामी खुर्ची, भिंत. त्या मुळांना तो काही बोलायला लावत नाही. मुळं मुळंच राहतात, आणि कदाचित म्हणूनच पाहताना आपला आवाज खाली येतो.

या मापाने माझे फोटो लावून पाहिले. धुक्यातला सूर्योदय, ज्यात वाकलेलं झाड काळं आणि मागे सोनेरी गोळा, हा सर्वांना आवडणार हे मला ठाऊक आहे. तो पहिल्या नजरेला सगळं देऊन मोकळा होतो. बाहेर. बगळ्याचं प्रतिबिंबही बाहेर.

५ डिसेंबर

संगणकावरचं काम. किती करायचं हा प्रश्न मला नेहमी पडतो आणि त्याचं एकच एक उत्तर माझ्याकडे नाही. विल्सन बेंटली, अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिकोचा शेतकरी. १८८५ च्या जानेवारीत त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो मिळवला आणि १९३१ मध्ये जाईपर्यंत पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. पार्श्वभूमी काळी यावी म्हणून तो निगेटिव्हवर कणाच्या कडेने थर चाकूने खरवडून काढत असे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या हाफ डोम या डोंगराचा कडा टिपताना आधी पिवळा फिल्टर लावला, मग उरलेल्या शेवटच्या काचेच्या निगेटिव्हसाठी गडद लाल, आणि आकाश जवळजवळ काळं आलं, कारण तो कडा त्याला तसा जाणवला होता. दोघांनीही हस्तक्षेप केला आणि दोघांचीही समोरच्या वस्तूवर अपार निष्ठा होती.

मग माझी रेघ कुठे? सध्या एवढं : वस्तू जास्त नीट दिसावी म्हणून केलेलं चालेल, पाहणाऱ्याला भारून टाकण्यासाठी केलेलं नको. कातीचे धागे पार्श्वभूमीत हरवत होते, मागचा भाग थोडा गडद केला. पिवळ्या पानांचा पिवळेपणा वाढवला नाही.

१८ जानेवारी

प्रिंट आले. मॅट कागद, लहान आकार, हातात धरून पाहता येईल असा. मावशीकडे घेऊन गेले. ती फोटोग्राफी करत नाही, पण पाहते नीट.

ती कातीपाशी आली आणि तिथेच थांबली. चष्मा कपाळावर सरकवून प्रिंट डोळ्यांजवळ धरला.

“हे पांढरं काय गं? कोळ्याचं जाळं?”

“नाही मावशी. श्वासनलिकांचं अस्तर आहे. आतलं.”

“म्हणजे हेसुद्धा टाकून जातो तो?”

“हो.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी इतर प्रिंट उचलायला लागले तेव्हा म्हणाली, “थांब, घाई करू नकोस.” नंतर म्हणाली, “आणि हे तू कुठे लिहिलेलं नाहीस. मी तुला विचारलं म्हणून कळलं. जो विचारणार नाही त्याला जाळंच वाटेल. खाली लिही की.”

मी जूनचा निर्णय सांगितला, अर्थ लिहायचा नाही असा. ती म्हणाली, “अर्थ कोण मागतंय? काय आहे ते सांग. पुढचं माझं मी बघेन.”

१९ जानेवारी

मावशीचं म्हणणं पटलं. अर्थ आणि माहिती यांना मी एकाच दारातून बाहेर घालवत होते. धाग्यांपाशी मी थांबले ती ते काय आहेत हे कळल्यामुळेच, मग पाहणाऱ्यापासून ते लपवण्यात काय हशील? जूनचा निर्णय बदलते. प्रत्येक फोटोखाली एकच ओळ, काय आहे तेवढीच. विशेषण नाही, उपमा नाही.

मार्चमधल्या प्रश्नाचंही थोडं उत्तर मिळालं. मावशीपर्यंत माझी शांतता पोचली की नाही, मला सांगता येणार नाही. ती थांबली, एवढं मी पाहिलं. जिथे मी थांबले होते, तिथेच.

८ फेब्रुवारी

क्रम लावते आहे. ऋतूंप्रमाणे लावला तर वाचणं सोपं होतं आणि पाहणं संपतं, पुढे काय येणार ते आधीच कळतं. व्हाइट आपल्या मालिका एका फोटोने पुढच्याला जागं करावं अशा लावत असे. मी तसं करून पाहते आहे : थेंबाच्या कडेनंतर दगडफुलाची कड. दोन्हीकडे एक सीमा, एक क्षणभराची, एक शंभर वर्षांची. पावसाच्या खळबळीनंतर पहाटेचं करडं पाणी. पिवळी पानं आणि गाळ शेवटाकडे. कात मधोमध. तिच्या आधी किंवा नंतर काहीही ठेवलं तरी दुसरा फोटो फिका पडतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जास्त जागा सोडायची.

बारा म्हटले होते, अकराच राहिले. बारावा म्हणून सूर्योदय आत घ्यायचा विचार दोनदा मनात आला. नाही घेतला. अकरा.

१५ फेब्रुवारी

ओळी लिहिल्या. तीन इथे उतरवते.

दवाचा थेंब, पाणकणसाच्या पात्यावर. आतलं झाड उलटं आहे.

चतुराची कात. पांढरे धागे म्हणजे श्वासनलिकांचं अस्तर.

दगडफुलाची वाढती कड. उजवीकडे उघडा दगड.

पावसाच्या फोटोची ओळ अजून जमलेली नाही. ‘पाण्यावर पडणारा पाऊस’ यात नवीन काही कळत नाही. थेंब आदळला की मुकुट कसा उठतो ते एका वाक्यात मावत नाही. ती जागा कोरी सोडून बाकीच्या ओळी छपाईला देते आणि फ्रेमसाठी मापं पाठवते.